मक्याच्या पिठाची होडी

माझं काम सुताराचं. चित्रांना चौकटी करतो आणि मेलेल्यांना पेट्या. हैतीतल्या जाकमेलमध्ये निव्वळ चौकटींवर पोट भरत नाही, आणि निव्वळ पेट्याच करत बसलो तर लोक रस्त्यात भेटल्यावर न विचारता आपली तब्येत ठणठणीत असल्याचं सांगतात. म्हणून दोन्ही करतो. लाकूड तेच लागतं.

ओरेल्यूसच्या चित्रांना मी वीस वर्षं चौकटी केल्या. तो माझ्या थोरल्या मुलीचा धर्मपिता, त्यामुळे आम्ही एकमेकांना कोंपे म्हणतो. भांडणातसुद्धा कोंपेच म्हणतो. राजधानीतून लोक येतात आणि मला विचारतात की हा माणूस चित्रं काढायला शिकला कुठे? त्याला विचारून काही उपयोग नसतो. एकाला त्यानं सांगितलं, स्वप्नात शिकलो. दुसऱ्याला सांगितलं, मी मुळात न्हावी आहे. तिसरी एक बाई वही घेऊन आली होती, तिला म्हणाला, कोंबड्यांनी शिकवलं. बाईंना वाटलं हा आपली थट्टा करतोय. खरं तर त्या दिवशी तो पहिल्यांदाच खरं बोलला होता.

त्याची आई ऊस तोडायला सरहद्दीपलीकडे गेली ती परत आली नाही. त्याला वाढवलं मावशीनं, फिलोमीझनं. फिलोमीझ आमच्या गल्लीची मांबो. देवांचं सगळं तीच बघायची. कुणाच्या घरी कुठला देव रुसलाय, कुणाला काय वाहायचं, हे तिला विचारल्याशिवाय गल्लीत पान हलत नसे. गल्लीत सगळेच तिला मावशी म्हणत. पाद्रीसुद्धा म्हणायचे, पण हळू आवाजात.

देवाला बोलवायचं तर आधी जमिनीवर त्याची खूण काढावी लागते. मक्याचं पीठ चिमटीत घ्यायचं आणि रांगोळीसारखं सोडत जायचं. एझिलीला बदाम, लेग्बाला क्रूस आणि काठी, समुद्राच्या मालकाला, आग्वेला, होडी. ओरेल्यूस सात वर्षांचा असताना मावशीनं त्याच्या हातात पिठाची वाटी दिली. पांढऱ्या मुलाम्याची, निळ्या काठाची, एका जागी टवका उडालेली. म्हणाली, अंगणातल्या मधल्या खांबापासून खुराड्यापर्यंत एक सरळ रेघ काढ. वर्षभर त्यानं तेवढंच केलं. रेघ खुराड्यापाशी पोचायच्या आत मागून कोंबड्या ती खात यायच्या. त्याचं पहिल्या वर्षाचं सगळं काम कोंबड्यांनी खाल्लं.

मावशीचा नियम एकच होता. पडलं ते पडलं. चिमूट जास्त सुटली, रेघ वाकली, तरी हात लावायचा नाही. चूक तिथेच ठेवायची आणि तिला सोबत घेऊन पुढं जायचं. ठिपका पडला तर त्याचं पान कर, फुगवटा आला तर फळ कर. कारण देव वाटेत असतो आणि तू खोडत बसलास तर तो म्हणेल, यांचं अजून ठरलेलं दिसत नाही, आणि परत जाईल. पुढं ढोल सुरू झाला की लोक त्या आकृतीवरच नाचत. तासाभरात पायांनी सगळं पुसून जाई. त्यामुळे तिशीपर्यंत ओरेल्यूसनं आपलं काढलेलं काही दुसऱ्या दिवशी पाहिलंच नव्हतं. त्याला त्याचं काही वाटत नसे. मला वाटायचं, पण मी सुतार आहे. आम्हाला वस्तू टिकलेली बरी वाटते.

पुढं त्यानं होड्यांवर नावं रंगवली, लॉटरीच्या टपऱ्या रंगवल्या, न्हाव्यांच्या पाट्या रंगवल्या. उरलेल्या रंगात हार्डबोर्डवर चित्रं काढायला लागला. त्याची पद्धत बघण्यासारखी होती. डाव्या कोपऱ्यात ब्रश टेकवायचा आणि अंगण झाडत गेल्यासारखा उजव्या कोपऱ्यातून बाहेर पडायचा. आधी आखणी नाही, मागे वळून बघणं नाही. बाजारातल्या बायका, नीरफणसाची झाडं, मासे, सगळं एकाच मापाचं. मासा बाईएवढा आणि बाई झाडाएवढी. मादाम वाल्मे म्हणून एक बाई राजधानीत चित्रांचं दुकान चालवायची, ती मोटार घेऊन यायची आणि चित्रं ओली असली तरी घेऊन जायची. एकदा तिच्या पांढऱ्या झग्यावर निळा मासा उमटला. तिनं तोही विकला असेल.

तिनंच पुढं खटपट केली. राजधानीतल्या एका चित्रशाळेत दोन वर्षांचा अभ्यास, राहायची सोय, रंग फुकट. ओरेल्यूस अडतीस वर्षांचा होता. त्यानं मावशीला विचारलं. मावशी म्हणाली, "जा. शिकल्यानं कुणाचे हात झडत नाहीत."

माझं मत कुणी विचारलं नाही.

शाळेत त्याला पहिल्या दिवशी एक रबर दिलं आणि एक प्लास्टरचा पाय समोर ठेवला. त्यानं विचारलं, बाकीचा माणूस कुठंय? तिथले सर म्हणाले, बाकीचा तिसऱ्या सत्रात. तो पाय त्यानं तीन महिने काढला. हे सगळं तो मला नंतर सांगायचा आणि मी हसायचो, पण तो हसत नसे. त्याला शाळा मनापासून आवडली होती. एक दिवस सरांनी त्यांना रस्त्यात उभं करून दाखवलं की रस्त्याच्या दोन्ही कडा पुढं जाऊन एका बिंदूत मिळतात, जवळचं मोठं दिसतं, लांबचं लहान. ओरेल्यूस म्हणाला, कोंपे, मी चाळिशीला आलो, रोज रस्त्यावरून चालतो आणि हे मला दिसलं नव्हतं. संध्याकाळपर्यंत तो तिथेच उभा राहिला. एका बसवाल्यानं त्याला शिव्या घातल्या. बस लांब जाऊन लहान झाली तेव्हा त्याला फार आनंद झाला.

दोन वर्षांनी तो परत आला. खिशात रबर होतं. आल्या आल्या त्यानं आमची गल्ली काढली. अगदी हुबेहूब. माझं दुकान, दारातल्या पेट्या, सावल्या जिथल्या तिथे, टोकाला समुद्र बोटाच्या नखाएवढा. मी चौकट केली आणि मनात म्हटलं, आता याचं भलं झालं. मादाम वाल्मे आली, बराच वेळ बघत राहिली. म्हणाली, "फार छान आहे. कुणीही काढलं असेल असं वाटतं."

मग ती बाईएवढा मासा मागायला लागली. ओरेल्यूसनं प्रयत्न केला. त्याला येईना. ब्रश टेकवायचा आणि थांबायचा. मासा मोठा झाला की त्याला तो चुकलेला वाटे, पात्यानं खरवडून काढायचा. लहान केला की मेलेला वाटे, पुन्हा खरवडायचा. एक बोर्ड त्यानं इतका खरवडला की मधोमध बोट गेलं. तो बोर्ड मी आत टांगून ठेवला आहे, त्यातून समोरची भिंत दिसते. अकरा महिने त्याचं एकही चित्र माझ्याकडे चौकटीला आलं नाही. त्या वर्षी मी पेट्याच केल्या.

हे सगळं चालण्यासारखं होतं. चित्रांशिवाय माणूस मरत नाही. पण त्यानंतर आग्वेचा सण आला.

मावशीचे गुडघे कधीच गेले होते. शाळेची दोन वर्षं सोडली, तर बारा वर्षं सणाची आकृती ओरेल्यूसच काढायचा. वाटी त्याच्याकडे असायची. आमच्या गल्लीत हा मान मोठा. माणूस न्हावी असो की पाट्या रंगवणारा, वाटी हातात आली की बायका झगा सावरून वाट देतात. सकाळी सगळी गल्ली पांढऱ्या कपड्यांत अंगणात जमली. बाहेर आग्वेचा तराफा तयार होता, त्यावर पांढरे केक, खरबुजं, गोड दारूच्या बाटल्या. ओरेल्यूसनं चिमूट भरली आणि खांबासमोर वाकला.

त्यानं होडी काढली. मी आयुष्यात अशी होडी पाहिली नाही. पुढचं टोक बारीक होत लांब गेलेलं, मागची बाजू रुंद, शिडं एकामागे एक लहान होत गेलेली. पाण्याच्या रेघासुद्धा एका बिंदूकडे निघालेल्या. पिठात त्यानं सावली घातली होती. लोक बघतच राहिले. मग मासे विकणारी सिलामीझ, जिला सत्तर वर्षांत कुणी गप्प बसवू शकलं नव्हतं, पुढं आली, मान वाकडी करून बघितलं आणि म्हणाली, "ही तर जातेय."

 मग सगळ्यांना दिसलं. होडी आमच्याकडे पाठ करून निघाली होती.

मावशीनं खुर्चीतूनच विचारलं, "ही कुणी शिकवली?"

"शाळेत, मावशी."

"चांगली काढलीस. पण पाहुण्याला बोलावताना त्यालाच त्याची पाठ काढून दाखवायची?"

"लांबचं लहान दिसतं, मावशी."

"देव लांब असतो होय रे? तो खांबात असतो. खांब किती लांब आहे तुझ्यापासून?"

ओरेल्यूसनं बघितलं. "तीन पावलं."

"मग?"

आणि तेव्हा ओरेल्यूसनं ती गोष्ट केली जी त्या अंगणात कुणी कधी केली नव्हती. तो गुडघ्यांवर बसला आणि तळहातानं होडी पुसायला लागला. बायका एकदम मागे सरकल्या. ढोलवाल्यानं हात ढोलावरून काढून घेतला. मावशीनं डोळे मिटले. मला तिथून निघून जावंसं वाटलं. माझ्या कोंपेला असं गुडघ्यांवर बघणं मला सहन होईना.

तराफा समुद्रात सोडला. तो बुडाला तर मालकानं घेतलं असं समजायचं. तो बुडाला नाही. अर्ध्या तासात डुलत डुलत किनाऱ्याला परत आला. केक भिजले होते. कुत्र्यांनी खाल्ले.

दुसऱ्या दिवशी मावशीनं वाटी ओरेल्यूसच्या घरून मागवून घेतली आणि सिलामीझला दिली. रागानं नव्हे. मुलाचा ताप उतरेपर्यंत त्याला समुद्रावर पाठवू नये, तसं. पण ताप दोन वर्षं उतरला नाही.

सिलामीझचा हात म्हणजे विचारू नका. तिनं काढलेला एझिलीचा बदाम नीरफणसासारखा दिसायचा आणि होडी चपलेसारखी. देव मात्र यायचे. वेळेवर यायचे. ओरेल्यूसला हेच सगळ्यात लागलं. तो भिंतीला टेकून उभा राहायचा, चपलेकडे बघायचा, आणि ढोल सुरू झाला की निघून माझ्या दुकानात येऊन बसायचा.

एके दिवशी मी रंधा मारत होतो. तो खाली बसला, जमिनीवरचा भुसा चिमटीत घेतला आणि एक रेघ सोडली. वाकली. त्याचा हात खिशाकडे गेला, रबराकडे. भुशाला रबर काय करणार? मी म्हटलं, "कोंपे, ते रबर मला दे. मला लाकडावरच्या खुणा पुसायला लागतं." त्यानं दिलं. अजून आहे माझ्याकडे, चांगलं रबर आहे.

त्यानंतर तो रोज दुपारी यायचा. मी भुसा पाडायचो, तो रेघा सोडायचा. मी जाता-येता त्यावर पाय द्यायचो. आधी मुद्दाम नव्हे, नंतर मुद्दाम. तो म्हणायचा, बरं झालं. काम करता करता बोलायचा. म्हणायचा, शाळेनं मला डोळे दिले, ते मी परत देणार नाही. पण डोळे आल्यापासून हात त्यांची परवानगी मागायला लागलाय, आणि डोळ्यांचं समाधान कधी होत नाही. मावशी डोळ्यांना विचारायचीच नाही. मी म्हणायचो, मला तर दोन्ही लागतात, डोळ्यांनी माप घ्यायचं आणि मग न बघता कापायचं. तो म्हणायचा, तू पेट्या करतोस, तुझ्या गिऱ्हाइकाची तक्रार येत नाही. मी पुन्हा रंधा मारायला लागायचो.

हळूहळू चित्रंही पुन्हा सुरू झाली. पहिलीसारखी नाहीत, शाळेसारखीही नाहीत. मादाम वाल्मे येऊन गोंधळून जायची आणि घेऊन जायची. मी चौकटी करायला लागलो. मी म्हटलं, चला, झालं तुझं. तो म्हणाला, "चित्रांचं काय कोंपे, चित्रं होतील नाहीतर नाही होणार. मला वाटी पाहिजे."

मावशीकडे जाऊन मागायची मात्र त्याची हिंमत नव्हती. आणि मागून मिळण्याची ती गोष्टही नव्हती.

त्या वर्षी एक जानेवारीला, म्हणजे घरोघरी लाल भोपळ्याचं सूप असतं आणि ते कुणीच नाकारत नाही त्या दिवशी, मावशीनं सूप परत पाठवलं. तेव्हाच गल्लीला कळलं. चार दिवसांनी तिनं मला बोलावून घेतलं आणि म्हणाली, माप घे. मी म्हटलं, मावशी, काय बोलता, अजून वेळ आहे. ती म्हणाली, "तुझ्या कामाची गती मला ठाऊक आहे. घे माप. आणि खांद्यापाशी सैल ठेव, मला हात हलवायला जागा लागते." मी माप घेतलं. टेप वाचता येईना, दोनदा घ्यावं लागलं.

ओरेल्यूस पलंगाच्या पायथ्याशी उभा होता. मावशीनं सिलामीझला खूण केली. सिलामीझनं आपल्या टोपलीतून वाटी काढली आणि चादरीवर ठेवली. टवका उडालेली बाजू वर.

"ती होडी येते का अजून?" मावशीनं विचारलं. "शाळेतली. का तीही पुसलीस?"

ओरेल्यूसनं वाटीकडे बघितलं. "येते."

"तेव्हा तू ती चुकीच्या कामाला काढलीस, एवढंच. होडीची काही चूक नव्हती." तिनं वाटी त्याच्याकडे ढकलली. ढकलायला तिला दोन प्रयत्न लागले. "बोलवायचं असेल तेव्हा तोंड इकडं. मला बोलवायचं नाहीये कुणाला. मला जायचंय. माझ्यासाठी जाणारी काढ."

गुरुवारी ती गेली. पेटी मी शुक्रवारी पूर्ण केली, खांद्यापाशी सैल. शनिवारी सकाळी नऊला न्यायचं होतं. अंगण माणसांनी भरलं होतं, दारापासून फाटकापर्यंत मधली वाट मोकळी ठेवली होती. ओरेल्यूस काळा कोट घालून वाटी घेऊन आला. कोट माझा होता, त्याला बाह्या आखूड पडत होत्या, ते त्याच्या पथ्यावर पडलं.

तो दाराशी वाकला आणि मागे मागे सरकत निघाला. पहिली रेघ, दुसरी रेघ. मागची बाजू रुंद, उंबऱ्याला लागून. दोन्ही कडा फाटकाकडे जाताना जवळ येत चाललेल्या. तो थांबत नव्हता आणि काढलेल्याकडे पुन्हा बघत नव्हता. मी त्याच्या हाताकडे बघत होतो. शिड काढताना कुणीतरी बाई हुंदका देऊन रडली, त्याचा हात हलला आणि होडीत, नको तिथे, पिठाचा एक मोठा ठिपका पडला.

अंगणात सगळ्यांनी तो ठिपका बघितला. ओरेल्यूसचा तळहात उघडला. आणखी क्षणभरात तो जमिनीला लागला असता. मी मनात म्हटलं, कोंपे, रबर माझ्याकडे आहे.

त्यानं हात मिटला. पुन्हा चिमूट भरली. ठिपक्याच्या वर एक छोटी टिकली टाकली, ते डोकं झालं. खाली दोन बारीक रेघा, तो झगा झाला. बाजूला एक हात, अंगापासून सैल सोडलेला. होडीत एक बाई उभी होती, आमच्याकडे पाठ करून. मग तो तसाच मागे सरकत गेला आणि पाण्याच्या रेघा घेऊन फाटकातून बाहेर पडला.

सिलामीझ पुढं आली. मान वाकडी करून बघितलं.

"फिलोमीझच आहे," ती म्हणाली. मग आणखी वाकून म्हणाली, "पण किती लहान."

"लांब गेलीये," ओरेल्यूस म्हणाला.

तेव्हा मी रडलो. सांगायला लाज वाटत नाही. इतक्या पेट्या केल्या, पण माणूस लांब जातो म्हणजे काय, ते मला त्या दिवशी पिठात दिसलं.

आम्ही सहा जणांनी पेटी उचलली आणि होडीवरूनच चालत गेलो. दुसरी वाट नव्हती, आणि ती त्यासाठीच काढली होती. फाटकाबाहेर पेटी तीनदा गोल फिरवली, म्हणजे मेलेल्याला परतीची वाट सापडू नये. पुढच्या कोपऱ्यावर पुन्हा फिरवली. माझ्या मते मावशीला वाट सापडलीच असती, पण तिनं येण्याचं मनावर घेतलं नसावं. दफनभूमीतून परत आलो तेव्हा अंगणात काहीही उरलं नव्हतं. दोन कोंबड्या होत्या.

वाटी ओरेल्यूसकडे राहिली. सिलामीझनं मागितली नाही, उलट सुटले बाई एकदाची, म्हणाली.

माझ्या बुटांना पीठ लागलं होतं. ते मी तीन दिवस पुसलं नाही. चौथ्या दिवशी मुंग्या लागल्या, तेव्हा पुसलं.